फॉरेन बॉडी

सॉफ्टवेअरमध्ये इतकी वर्षं काढल्यावर माणसाला फॉर्म वाचायची सवय राहत नाही. 'मला मान्य आहे'च्या चौकोनात टिचकी मारायची आणि पुढे सरकायचं. पुढे, पुढे, पूर्ण. असे शेकड्यांनी फॉर्म मी न वाचता 'वाचले' असतील. त्यातल्या एकाबद्दल आज लिहितोय, कारण त्यावर सही माझी होती आणि पणाला लागला होता तो दुसर्‍याचा डोळा.

माझे एक मामा कामशेतजवळच्या गावात राहतात. आता घरची भातशेती बघतात, पण त्याआधी वीसेक वर्षं भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये कामाला होते. पहाटेची लोकल पकडून कासारवाडीला उतरायचं, तिथून पुढे मिळेल ते वाहन. मावळातल्या त्यांच्या वयाच्या निम्म्या पुरुषांची हीच कथा आहे. तर या मामांची कंबर धरली, मग डाव्या पायाला मुंग्या यायला लागल्या, आणि हाडांच्या डॉक्टरांनी एमआरआय काढून आणा म्हणून चिठ्ठी दिली. आता घराण्यात 'शिकलेला' भाचा म्हणजे मी. शनिवारची वेळ घेतली, मामा-मामी लोकलने आले, मी त्यांना शिवाजीनगरला उतरवून घेतलं आणि ट्रॅफिकमध्ये अडकत अडकत सेंटरवर पोचलो तेव्हा दिलेली वेळ टळून दहा मिनिटं झाली होती.

काउंटरवरच्या मुलीने क्लिपबोर्ड माझ्या हातात दिला. माझ्या, मामांच्या नाही. इंग्रजी फॉर्म, दोन पानं, वीस-पंचवीस प्रश्न, प्रत्येकापुढे हो-नाहीचे चौकोन. "सर जरा लवकर, पुढचा पेशंट घ्यायचाय." पेसमेकर? नाही. कॉक्लिअर इम्प्लांट? असं काही असतं हे मामांना माहीतसुद्धा नसणार, नाही. मग आला 'मेटॅलिक फॉरिन बॉडी'. मी उगाच गंमत म्हणून विचारलं, "मामा, अंगात काही फॉरेन बॉडी आहे का?"

"फॉरेनला कोण गेलंय रं हितं!"

दोघंही खो खो हसलो. मी 'नाही'वर टिक मारली. त्याच्या खालच्या प्रश्नात डोळ्याला धातूची इजा झाल्याबद्दल विचारलं होतं. तो मी मामांना विचारलाच नाही. तिथेही नाही. सगळी 'नाही'ची रांग कशी सुरेख सरळ दिसत होती! सही ठोकली. काम तमाम.

एमआरआय व्यवस्थित झालं. मामा बाहेर आले ते कान चोळत. रविवार मोकळा होता म्हणून मीही त्यांच्याबरोबर लोकलने कामशेतला निघालो. तळेगाव गेल्यावर डबा जरा रिकामा झाला, खिडकी मिळाली, आणि मामा मशीनच्या आवाजाबद्दल बोलायला लागले. आमच्या शेडमधला ग्राइंडर पण असाच बोंबलायचा म्हणे. मग ग्राइंडरच्या गोष्टी निघाल्या. कुणाचं बोट गेलं, कुणाचा शर्ट अडकला. आणि त्याच सुरात, "माझ्या डोळ्यात कण गेलता की एकदा. फोरमननं लोहचुंबक धरून काढला. डॉक्टर म्हनला, बारीकसा आत र्‍हायला असंल, पर खुपत न्हाय ना, मग र्‍हाऊ दे."

लोहचुंबक धरून!

मला वाटतं वडगाव स्टेशन येऊन गेलं तरी मी काही बोललो नव्हतो.

त्या रात्री मामांच्या ओसरीवर मोबाइलला रेंज येईल त्या कोपर्‍यात बसून मी जे वाचलं ते आधी वाचायला हवं होतं. १९८६ साली अमेरिकेतल्या न्यूरोरेडिऑलॉजीच्या एका जर्नलमध्ये एक केस छापून आली होती. पत्र्याचं काम केलेला कामगार. डोळ्यात तीन-साडेतीन मिलिमीटरचा लोखंडाचा तुकडा, कधीतरी घुसलेला, आणि त्याचा त्याला पत्ताही नव्हता. एमआरआय झालं, तुकडा हलला, डोळ्याच्या आत रक्तस्राव झाला आणि त्या डोळ्याची नजर गेली. फॉर्मवरचा तो प्रश्न उगाच आलेला नाही. अशाच एखाद्या डोळ्याची किंमत मोजून तो तिथे आलाय. आणि मी तो प्रश्न विचारला नव्हता.

आता थोडं यंत्राबद्दल, कारण आपल्यासारख्या सुशिक्षितांचाही इथे मोठा गोंधळ आहे. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, कसलाही किरणोत्सर्ग नसतो. सुरुवातीला या तंत्राच्या नावात 'न्यूक्लिअर' हा शब्द होता. अणुकेंद्रकाशी संबंध आहे म्हणून होता, बॉम्बशी आहे म्हणून नव्हे. पण लोक घाबरतात म्हणून तो वगळला. आपल्या शरीरात पाणी भरपूर, पाण्यात हायड्रोजन. प्रचंड चुंबकात माणसाला झोपवायचं, रेडिओलहरींची टिचकी मारायची, हायड्रोजनची केंद्रकं जे उत्तर देतात ते ऐकायचं आणि त्यातून चित्र बांधायचं. दीड टेस्लाच्या मशीनमध्ये ही लहर साधारण ६४ मेगाहर्ट्झची, म्हणजे आपल्या एफएमच्या पट्ट्याच्या थोडी खाली. चित्र बांधायला वापरतात ते फूरियेचं गणित. आपल्याच जिल्ह्यात खोडदला जीएमआरटीच्या डिशा त्याच गणितावर आकाशाची चित्रं बांधतात. (यावर एक वेगळा लेख लिहायचाय कधीपासून. असो.)

मामी घरून निघताना मला तीनदा म्हणाल्या होत्या, "त्या किरनांनी काय व्हनार न्हाय ना?" आणि मी शहाण्यासारखा त्यांना समजावत होतो. गंमत बघा, लोणावळ्याच्या कैवल्यधामच्या स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली 'योग मीमांसा' काढलं तेव्हा त्यात आसनं-क्रिया चालू असतानाचे एक्स-रे छापले होते. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी या तालुक्यातल्या एका माणसाला किरणांनी शरीराच्या आत बघण्याचं कुतूहल होतं, आणि आपण अजून जिथे किरणं नाहीतच तिथे किरणांना भितोय. ज्याला भ्यायचं त्याच्याकडे मात्र आपलं लक्षच नाही. ते म्हणजे चुंबक.

दीड टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीस हजार पट किंवा थोडं जास्तच. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ते कधीच बंद नसतं. हे वाक्य पुन्हा वाचा प्लीज. नेहमीच्या मशीनमधल्या वेटोळ्या द्रवरूप हीलियममध्ये उणे २६९ अंशांवर बुडवून ठेवलेल्या असतात. त्यांत एकदा सोडलेली वीज रोध नसल्यामुळे फिरतच राहते. स्कॅन संपला, आवाज थांबला, तंत्रज्ञ जेवायला गेला, रात्री वीज गेली तरी चुंबक चालूच. 'मशीन बंद आहे' असं कुणी म्हणालं तर त्याचा अर्थ फक्त फोटो काढणं बंद आहे. पेशंट अडकला तर चुंबक विझवायची एक आणीबाणीची कळ असते. ती दाबली की हीलियम उकळून उडून जातं, मग चुंबक पुन्हा उभं करायला बरेच दिवस आणि भरपूर पैसे.

२७ जानेवारी २०१८, शनिवार. मुंबईच्या नायर रुग्णालयात एक बत्तीस वर्षांचा तरुण नातेवाईक बाईंच्या एमआरआयसाठी सोबत गेला होता. हातात ऑक्सिजनचा सिलिंडर. घरच्यांच्या म्हणण्याप्रमाणे तिथल्या कर्मचार्‍याने मशीन बंद आहे, चला आत, असं सांगितलं होतं. चुंबकाने सिलिंडर ओढला, सिलिंडरबरोबर तो ओढला गेला, ऑक्सिजन गळून शरीरात गेला आणि तो वाचला नाही. पेशंट नव्हता तो. सोबत आलेला होता, तुमच्या-माझ्यासारखा. त्याआधी नोव्हेंबर २०१४ मध्ये खारघरला टाटा स्मारकच्या संशोधन केंद्रात सिलिंडरसकट दोन कर्मचारी मशीनला चिकटले आणि सुमारे चार तास तसेच अडकून राहिले. आणीबाणीची कळ त्या वेळी चालली नाही, असं तेव्हा बातम्यांत आलं होतं. 'हे फक्त आपल्याकडेच' म्हणायची घाई करू नका. २००१ साली न्यूयॉर्क राज्यात सहा वर्षांच्या मुलाचा जीव असाच सिलिंडरने घेतला. आणि जुलै २०२५ मध्ये तिथेच वेस्टबरीला एक गृहस्थ बायकोला टेबलावरून उठवायला आत शिरले. गळ्यात व्यायामाची सुमारे नऊ किलोची साखळी होती. तेही गेले.

या सगळ्यात यंत्र बिघडलं कुठे? कुठेच नाही. यंत्राने यंत्राचं काम चोख केलं. चुकीचा इनपुट आत गेला. आपल्या भाषेत सांगायचं तर या प्रणालीत व्हॅलिडेशनचा जो काही थर आहे तो माणसांचा आहे: तो क्लिपबोर्ड, तंत्रज्ञाचे प्रश्न, दाराशी केलेली झडती. आणि त्या थराचं आपण काय केलंय? इंग्रजी फॉर्म, घाईत असलेला भाचा आणि 'नाही'ची सुरेख रांग.

एक्स-रे आणि सीटीच्या मशीनला अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते. एमआरआयमध्ये किरणोत्सर्गच नाही, त्यामुळे ते त्या मंडळाच्या कक्षेत येत नाही. तर्काला धरून आहे, मान्य. पण परिणाम असा, की दाराशी कोण किती कसून विचारतो हे त्या त्या सेंटरच्या शिस्तीवर येऊन ठेपतं. काही ठिकाणी खरंच दोनदा विचारतात, कपडे बदलायला लावतात, हातातलं डिटेक्टर फिरवतात. (डोळ्यातला दोन मिलिमीटरचा कण त्या डिटेक्टरला सापडेल या भरवशावर राहू नका.) काही ठिकाणी क्लिपबोर्ड.

माझा खरा राग फॉर्मच्या भाषेवर आहे. महाराष्ट्रातल्या सेंटरमध्ये मावळातल्या माणसाला 'फॉरिन बॉडी' विचारणं म्हणजे काहीच न विचारणं. नुसतं भाषांतर करूनही भागणार नाही. 'धात्विक परकीय पदार्थ' असं कुणी विद्वान लिहील, आणि मामा पुन्हा तसेच हसतील. इथे प्रश्न असा हवा: लेथवर, ग्राइंडरवर, वेल्डिंगला कधी काम केलंय का? डोळ्यात लोखंडाचा कण कधी गेला होता का? काढला तर कुणी, कसा? तळेगाव, चाकण, भोसरी, पिंपरी असा सगळा कारखान्यांचा पट्टा शेजारी असताना हा प्रश्न पहिल्या पानावर, पहिल्या ओळीत, मराठीत पाहिजे आणि तोंडी विचारला गेला पाहिजे. 'हो' आलं तर उपाय काय भयंकर आहे? डोळ्यांचा एक साधा एक्स-रे. पंधरा मिनिटं.

मामांचा तो एक्स-रे आम्ही नंतर काढला, डोळ्यांच्या डॉक्टरांनाही दाखवलं. काही निघालं नाही. आता तुम्ही म्हणाल, मग एवढा कांगावा कशाला, झालं तर नाही ना काही? मित्रहो, हे 'माझ्या मशीनवर चाललं होतं'च्या चालीवरचं आहे. हे वाक्य हापिसात ज्युनियर पोराने म्हटलं की आपण त्याला सोलून काढतो. कण नव्हता म्हणून काही झालं नाही. पण कण नाही हे माहीत नसताना मी मामांना आत पाठवलं होतं. त्या वेळी माझ्याकडे होती ती उलट माहिती, आणि ती विचारली असती तर मिळाली असती.

म्हणून सेंटरवाल्यांवर जेवढा राग आहे त्याहून जास्त आपल्या जमातीवर आहे. आपण, म्हणजे पुण्या-मुंबईत नोकर्‍या करणारे, आईवडिलांची, काका-मामांची कागदपत्रं भरणारे. इंग्रजी येतं म्हणून पेन आपल्या हातात येतं, आणि पेन हातात आलं की उत्तरंही आपल्यालाच माहीत आहेत असं वाटायला लागतं. तुमच्या वडिलांचं तुमच्या जन्माआधीचं आयुष्य तुम्हाला किती माहीत आहे? कुठल्या कारखान्यात होते ते सांगता येईल. कुठल्या मशीनवर होते?

तेव्हा हे काम सेंटरच्या काउंटरवर करू नका, आदल्या रात्री घरी जेवणं झाल्यावर करा. कारखान्यातलं काम तर विचाराच. ऑपरेशनं विचारा, पण 'ऑपरेशन झालंय का' असं नको, "अंगात कुठे रॉड, प्लेट, स्क्रू, स्प्रिंग, तार काही बसवलंय का" असं. जुना हायवे आणि एक्स्प्रेसवेच्या कृपेने पायात रॉड असलेला माणूस मावळात शोधावा लागत नाही. रॉड आहे म्हणजे एमआरआय होणारच नाही असं अजिबात नाही. टायटॅनियमचे, आणि हाडात पक्के बसलेले बरेचसे, चालतात. पण कुठला बसवलाय हे कळायला हवं. ऑपरेशनच्या फाइलमध्ये त्याचा स्टिकर किंवा कार्ड असतं, तोच कागद आपण घर आवरताना फेकतो. पेसमेकरचंही तसंच. नवे बरेच पेसमेकर ठरावीक अटींवर चालतात, आधी त्यांची सेटिंग बदलून घ्यावी लागते. जुने चालतीलच असं नाही. मेंदूतल्या रक्तवाहिनीला क्लिप लावली असेल तर कागद दाखवल्याशिवाय पाऊलही पुढे टाकू नका. कॉपर-टी बहुधा चालते, तरी सांगायचंच.

वर लावलेल्या गोष्टी निराळ्या. चुंबक ओढत नाही ते सगळं निर्धोक, असंही नाही. रेडिओलहरींनी धातू तापतो. औषधाच्या काही चिकटपट्ट्यांच्या पाठीला धातूचा पातळ थर असतो, त्याने त्वचा भाजते. अमेरिकेच्या एफडीएने २००९ सालीच तसा इशारा दिलाय. हात एकमेकांत गुंफून झोपू नका, मांडीला मांडी उघडी चिकटू देऊ नका, कारण शरीराचाच वेटोळा तयार होतो आणि तिथे चटका बसू शकतो. तंत्रज्ञ मध्ये कापड ठेवतात ते त्यासाठी. करगोट्यातला ताईत, जोडवी, केसांच्या पिना, साडीची सेफ्टी पिन, सगळं काढायचं. मंगळसूत्रावरून प्रत्येक सेंटरबाहेर एक छोटं नाटक होतं. सोनं चुंबकाला चिकटत नाही हे खरं, पण ओवलेली तार कशाची आहे कुणास ठाऊक. मामींनी त्यावर स्वतःच तोड काढली होती, ती पुढे सांगतो.

रंगद्रव्याचं इंजेक्शन देणार असतील तर मूत्रपिंडाचा काही त्रास आहे का हे सांगायला विसरू नका. त्यात गॅडोलिनियम असतं आणि मूत्रपिंडं फार कमजोर असतील तर त्याचा विचार करावा लागतो. आवाज शंभर डेसिबलच्या वर जाऊ शकतो, कानाला बोळे मागून घ्या. हातात रबराचा फुगा देतात, तो दाबला की बाहेर घंटा वाजते. मामांना तो कशासाठी दिलाय हे कुणी मराठीत सांगितलंच नव्हतं. वीस-पंचवीस मिनिटं बिचारे तो अंडं धरावं तसा जपून धरून पडले होते, चुकून दाबला जाईल या भीतीने :)

आणि तुम्ही सोबत असाल तर लक्ष्मणरेषा तुम्हालाही आहे. आतून आई ओरडली तरी पळत आत शिरायचं नाही. खिशात मोबाइल, किल्ल्या, पट्ट्याचं बक्कल असताना तर नाहीच. वेस्टबरीच्या त्या गृहस्थांना बायकोने मदतीलाच हाक मारली होती.

यंदा उन्हाळ्यात मामींच्या गुडघ्याचं एमआरआय ठरलं. आदल्या रात्री मी कामशेतलाच होतो. पिठलं-इंद्रायणीचा भात झाल्यावर एकेक विचारत बसलो. मामी वैतागल्या. कारखाना? नाही. ऑपरेशन? नाही. मंगळसूत्र? ते काढून हळकुंडाचा दोरा बांधायचं त्यांनी आधीच ठरवलं होतं, तो विषय तिथेच संपला. शेवटी विचारलं, अंगात कधी काही टोचून आत मोडलंय का? खिळा, तार, सुई?

"सुई मोडलीती की पायात. शिवनयंत्र नवं घेतलंतं तवा. निम्मी निघाली."

तवा म्हणजे तीस वर्षांपूर्वी. सेंटरवर हे सांगितल्यावर तंत्रज्ञाने आधी माझ्याकडे बघितलं, मग मामींकडे, आणि रेडिऑलॉजिस्टना बोलावून आणलं. पायाचा एक्स-रे काढला. टाचेच्या पुढे, मांसात, बारीकशी पांढरी रेघ. एमआरआय त्यांनी त्या दिवशी थांबवलं आणि हाडांच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, तूर्त गुडघ्याचा साधा एक्स-रे आणि व्यायाम यावर बघू.

मामी ती फिल्म खिडकीच्या उजेडात धरून बराच वेळ बघत होत्या. "तरी म्हनलं," त्या मामांना म्हणाल्या, "पावसाळ्यात हितंच का ठनकतं."